नावाचा श्रीगणेशा



लेखनाचा आरंभ मुळाक्षरांपासून होतो, अशी रूढ समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेक बालकांना पहिली ओढ लागते ती स्वतःच्या नावाची. प्रारंभी नुसत्या रेघोट्या, मग नावाचे पहिले अक्षर, त्यानंतर उरलेली अक्षरे. कधी उलटी, कधी क्रम सोडून. चार-पाच वर्षांच्या वयात तो दोष नव्हे, शिकण्याची पायरी होय.

या शाळेचे काही विद्यार्थी आज नोकरीनिमित्त परप्रांती स्थिरावले आहेत. चेन्नईतील गिंडी येथे राहणारी अशा घरची एक बालिका कल्पावी. तिचे नाव गौरी. तिच्यापुढे तीन लिप्या आहेत. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांसाठी एकच अक्षर असल्याने तिच्या ‘ग’ला तेथे स्वतंत्र चिन्ह नाही. रीतही निराळी : मराठी घरात नावानंतर वडिलांचे नाव व आडनाव, तमिळ रीतीत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आधी, आणि आडनाव बहुधा नाहीच. ही सारी एकाच नावाची रूपे आहेत, हे त्या चिमुकलीला उमगावे लागते.

गिंडी स्थानकाच्या त्रैभाषिक पाटीवर देवनागरी ‘गिंडी’तला ‘ग’ तिला आपला म्हणून ओळखता आला, तर ती ओळख शंभर वेळा गिरवण्याहून मोलाची.

गिंडीशेजारच्या अड्यार येथे १९३९ साली मारिया माँटेसरी आल्या. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून हाताला वळण द्यावे, ही त्यांची पद्धत. आपल्याकडे धुळपाटीवर बोटाने अक्षर काढण्याची चाल होतीच. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डी येथे माँटेसरींच्या विचाराला परिसरातल्या साध्या साधनांची जोड दिली.

पालकांनी घ्यावा तो बोध एवढाच. रोमन आणि तमिळ अक्षरे शाळा शिकवील. बालवयात देवनागरी नाव मात्र घरानेच द्यावे लागते. त्यासाठी महागडी साधने नकोत. ताटातले तांदूळ, अंगणातली माती आणि घाई न करणारे एक वडीलधारे माणूस पुरे. वेलांटी चुकली तरी ती लगेच खोडू नये. हे राहून गेले, तर गावाकडच्या आजीने पाठवलेल्या पाकिटावरचे स्वतःचे नाव त्या नातीला वाचता येणार नाही.