हलक्या ब्लॉकची भिंत

(ग्रामीण इमारतींच्या बांधकामाविषयीच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेची खोली, अंगणवाडी, ग्रामपंचायतीचे कार्यालय, समाजमंदिर अशा इमारती आपल्या देखरेखीखाली उभ्या राहत असतात. त्यांच्या अंदाजपत्रकांत अलीकडे विटांच्या जागी ‘एएसी ब्लॉक’ हे शब्द वारंवार दिसू लागले आहेत. आपल्याकडचे गवंडी त्याला सिपोरेक्स म्हणतात, कोणी नुसतेच हलकी वीट म्हणतात. गावातील जाणता मनुष्य हा ब्लॉक हातात घेतो, उचलून पाहतो आणि विचारतो, “एवढा हलका, मग भिंत टिकायची कशी?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ब्लॉकच्या गुणापेक्षा आपण तो कसा वापरतो यावर अधिक अवलंबून आहे, असे माझे मत आहे.

ही वस्तू मुळात स्वीडनची. १९२० नंतरच्या दशकात स्टॉकहोम येथील वास्तुशास्त्रज्ञ ॲक्सेल एरिकसन यांनी ती सिद्ध केली. लाकडाइतकी उबदार, पण न जळणारी व न कुजणारी सामग्री त्या थंड देशाला हवी होती. पुढे सिपोरेक्स या स्वीडिश पद्धतीने आपल्या पुण्यात १९७० च्या दशकात तिचे उत्पादन सुरू झाले आणि त्या कारखान्याचे नावच गवंड्यांच्या तोंडी मालाचे नाव होऊन बसले.

ती तयार कशी होते हे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सारी पथ्ये त्यातूनच निघतात. औष्णिक वीजकेंद्राची राख अथवा बारीक दळलेली वाळू, चुना, सिमेंट, थोडा जिप्सम व पाणी यांचा रबडा करतात. त्यात ॲल्युमिनियमची पूड घालतात, ती इतकी अल्प की हजारात एक भागही नसते. चुन्याशी तिचा संयोग होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि रबडा साच्यात फुगून वर येतो. तो थोडा घट्ट झाला की तारेने त्याचे ठोकळे कापतात आणि बंद भांड्यात, वातावरणाच्या दहा-बारा पट दाबाखाली, सुमारे १८० ते १९० अंश सेल्सिअसच्या वाफेत काही तास ठेवतात. इडलीचा दृष्टान्त येथे चपखल बसतो. आधी फुगणे, मग वाफवणे. हायड्रोजन निघून जातो, त्याच्या जागी हवा येते. वाफेच्या उष्णतेने चुना व राखेतील सिलिका यांचे स्फटिक बनतात आणि ताकद येते ती या स्फटिकांमुळे. ब्लॉकच्या आकारमानाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग पोकळीचा असतो. कोरडा तुकडा बादलीत टाकला तर तरंगतो.

आता ताकदीचे पाहू. भारतीय मानक २१८५, भाग ३ मध्ये या ब्लॉकच्या प्रती ठरविल्या आहेत. घनमीटरला ५५१ ते ६५० किलो वजनाच्या पहिल्या प्रतीच्या ब्लॉकने चौरस मिलिमीटरला ४ न्यूटन, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ४० किलो दाब सोसला पाहिजे. साध्या भाजक्या विटेच्या सर्वांत खालच्या प्रतीला मानकात ३.५ न्यूटनची अट आहे. तेव्हा हलका म्हणून कच्चा, हा समज खरा नाही. परंतु फार मजबूत, असाही दावा मी करणार नाही. सिमेंट काँक्रीटचे खांब व तुळया यांच्या सांगाड्यात भरणा म्हणून ही भिंत उत्तम. स्लॅबचा भार थेट तिच्यावर घ्यावयाचा असेल, तर तो निर्णय अभियंत्याच्या हिशेबाविना होऊ नये.

हलकेपणाचा खरा लाभ कोठे, हे महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जी हजारो माणसे गेली, त्यांतील बहुतेक स्वतःच्या घराच्या भिंतींखाली व माळवदाखाली गाडली गेली. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या त्या भिंती होत्या. भूकंपात इमारतीवर येणारा धक्का तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असतो. जड भिंत अधिक ओढली जाते आणि कोसळली तर अधिक जीव घेते. वीटकामाचे वजन घनमीटरला १८०० किलोच्या आसपास, ब्लॉकचे ६०० च्या आसपास. कोयना किंवा किल्लारीच्या परिसरात शाळा बांधताना हा फरक केवळ अंदाजपत्रकाचा नसतो. मात्र हलकी भिंतही खांबांशी व पट्ट्यांशी बांधलेली नसेल, तर हादऱ्यात सांगाड्यातून सुटून बाहेर पडते, हे विसरता येत नाही.

दुसरा लाभ मातीचा. वीट म्हणजे शेताची वरची सुपीक माती. ती तयार होण्यास शतके लागतात आणि भट्टीत ती चार दिवसांत संपते. उलट चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ येथे राखेचे डोंगर साठले. वीजकेंद्रांभोवतीच्या बांधकामांत राखेचा वापर करावा, यासाठी केंद्र सरकारने १९९९ मध्ये अधिसूचना काढली आणि २०१६ मध्ये हे क्षेत्र ३०० किलोमीटरपर्यंत वाढविले. या अंतरात राज्याचा बराच भाग येतो.

वीटभट्टीचा विषय निघाला म्हणून शिक्षक मित्रांना एक गोष्ट सांगावीशी वाटते, ती आपल्याला माझ्याहून चांगली ठाऊक आहे. रायगड, ठाणे, पालघर या भागांतील कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की भट्ट्यांवर जातात आणि त्यांची मुले हजेरीपटावर नावापुरती उरतात. भट्ट्या कमी झाल्याने हा प्रश्न आपोआप सुटेल असे मात्र कोणी मानू नये. त्या कुटुंबांची उचल आणि मजुरी भट्टीवरच असते. दुसरे काम हाताशी दिल्याखेरीज एक साधन काढून घेणे म्हणजे त्यांना उघड्यावर सोडणे होय.

हा ब्लॉक सर्वत्र वापरावा, असेही मी म्हणणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याचा चिरा शेजारच्या खाणीत मिळत असताना घाट उतरवून ब्लॉक नेण्यात शहाणपण नाही. खराब रस्त्याने नेताना त्याच्या कडा फुटतात आणि तुटीचा भुर्दंड पंचायतीवर पडतो. जोते व पाया यांत तो मुळीच घालू नये, तेथे काळा दगडच हवा. विदर्भातील उन्हाळ्यासाठी ही भिंत निश्चित चांगली, कारण पोकळीतील हवा उष्णता अडविते. पण डोक्यावर उघडा पत्रा तसाच ठेवून भिंतीकडून गारव्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. खोली तापते ती मुख्यतः छपरातून.

आता तडे. या भिंतींविषयीच्या तक्रारींपैकी बहुतेक तड्यांच्या असतात, आणि त्यांचे कारण बहुधा एकच असते. गवंडी ब्लॉकला विटेसारखे वागवितो. वीट तो हौदात बुडवून लावतो, तीच सवय येथे नडते. कारखान्यातून निघताना ब्लॉकमध्ये आधीच बराच ओलावा असतो, अनेकदा वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास. तो सुकताना ब्लॉक किंचित आकसतो. भिजवून लावलेली भिंत गिलाव्याखाली सुकू लागते आणि तडा वर येतो. म्हणून माल आणल्यावर फळ्यांवर रचून, वरून ताडपत्री घालून सुकू द्यावा. लावताना पृष्ठभागावर फक्त पाणी शिंपडावे. सांध्याला कारखान्याचा तयार पातळ मसाला वापरला तर थर तीन मिलिमीटरचा पुरतो. तो न मिळाल्यास सिमेंट व वाळूचा १:६ चा मसाला घ्यावा. जास्त सिमेंट घातले की भिंत पक्की, ही समजूत येथे उलटी ठरते. सांधा ब्लॉकहून कठीण झाला की आकसण्याचा ताण सांध्यात न जिरता ब्लॉक फोडतो.

भिंतीच्या साधारण दर मीटर-सव्वा मीटर उंचीवर लोखंडी सळ्यांची काँक्रीटची पट्टी असावी, खिडकीच्या खाली व वरही. खांब आणि भिंत जेथे मिळतात तेथे गिलाव्याआधी जाळी बसवावी. वरच्या तुळईखालचा शेवटचा सांधा घाईने ठासू नये, भिंत बसू द्यावी. गिलावा भिंत सुकल्यावर, पातळ थरात. कोकणातील व घाटमाथ्यावरील पावसात बाहेरचा गिलावा आणि छज्जाची पाणपट्टी यांत कसूर झाली तर ब्लॉक पाणी शोषून घेतो आणि आतल्या रंगाला पोपडे धरतात. विजेच्या नळ्यांसाठी छिन्नी-हातोड्याने खाचा पाडणे बंद करावे, त्यासाठी खाच कापण्याचे हत्यार मिळते.

पंचायत सदस्यांनी तपासणी कशी करावी, असा प्रश्न मला मघाशी एका भगिनीने विचारला. प्रयोगशाळेचा दाखला मागावाच, त्यावर मानकाचा क्रमांक व प्रत पाहावी. पण एक साधा काटाही पुष्कळ सांगतो. ६०० × २०० × २०० मिलिमीटरचा ब्लॉक, वर सांगितलेल्या प्रतीचा असेल तर, पूर्ण सुकल्यावर सुमारे तेरा ते साडेपंधरा किलो भरतो. फेसाचे काँक्रीट ओतून, वाफेच्या दाबाविना बनविलेले ठोकळेही याच नावाखाली विकले जातात. दिसायला ते सारखेच, पण आकसतात अधिक. देयकावर सही करण्याआधी ‘ऑटोक्लेव्ह’ हा शब्द मालाच्या दाखल्यात आहे की नाही, हे वाचून घ्यावे.

शाळांच्या बाबतीत एवढे आणखी सांगतो. या भिंतीत साधा खिळा धरत नाही, हलवला की भुगा होऊन निघतो. फळा, कपाट, पाण्याची टाकी, नकाशांची चौकट यांच्या जागा बांधकाम चालू असतानाच ठरवाव्यात आणि तेथे ब्लॉकऐवजी काँक्रीट भरून घ्यावे. दाराच्या चौकटीच्या पकडींनाही तोच नियम. नंतर लावावयाचे असेल तर या ब्लॉकसाठीचे नायलॉनचे लांब प्लग व स्क्रू वापरावेत. मुख्याध्यापकांनी नकाशावर या जागा पेन्सिलीने खुणा करून शाखा अभियंत्याकडे जोते होण्याआधीच द्याव्यात. गिलावा झाल्यावर कोणी विचारावयास येत नाही.