जमिनीला सव्वा

कवितावाल्या माणसाला भूमितीवर बोलायला बोलावलं, तर त्याच्या घरचेही हसतात. मी बी.ए. झालो तोही गणित टाळूनच. पण चितीचं पृष्ठफळ मी जन्मात विसरणार नाही. ते मी शिकलो पाचगणीतल्या एका छपरावर.

आमचं गाव सुमारे १३०० मीटर उंचीवर. जॉन चेसन यांनी १८६०च्या दशकात ते आरोग्यस्थान म्हणून वसवायला घेतलं. महाबळेश्वरच्या मानानं आमच्याकडे पाऊस कमी, पण तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. म्हणून घरांना उतरती छपरं.

माझे अब्बा पत्र्याची कामं करत. १९८४च्या मे महिन्यात त्यांनी एका विधवा मावशींच्या घराचं छप्पर ठरावीक रकमेत अंगावर घेतलं. जुने पत्रे गंजून चाळण झाले होते. मी नुकतीच नववीची परीक्षा दिली होती. अब्बा मोठ्या कौतुकानं म्हणाले, ‘‘या वेळी हिशेब तू काढ.’’

घर २० फूट रुंद, २४ फूट लांब. आढं भिंतींच्या माथ्यापासून साडेसात फूट वर. मी वहीत आकृती काढली. अर्धी रुंदी १० फूट, म्हणून एक पाखं १० गुणिले २४. दोन पाखी मिळून ४८० चौरस फूट. दोन्ही टोकांचे त्रिकोण प्रत्येकी ७५, म्हणजे १५०. एकूण ६३०. पत्रा पत्र्यावर चढवायला आणि वळचणीला लागणारा जादा पत्रा अब्बांनी वेगळा धरला आणि वाईहून माल आणला.

एक पाखं झाकून झालं. दुसऱ्यावर पत्रे संपले, तेव्हा जवळजवळ १० फुटांचा पट्टा उघडाच होता. मृग आठवड्यावर आलेला. अब्बांनी त्रिकोणांसाठी ठेवलेले पत्रे छपरावर ठोकले आणि त्रिकोणांवर ताडपत्री बांधली. पहिल्याच पावसात वाऱ्यानं ती फाडली. मावशींच्या ज्वारीच्या पोत्यात पाणी शिरलं.

मी वही घेऊन बसलो. गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर. अब्बांनी वहीत डोकावून पाहिलं आणि आमच्या घरच्या दखनीत म्हणाले, ‘‘तूने जमीन मापी, छप्पर नै.’’

खरंच होतं. २० गुणिले २४ म्हणजेही ४८०च. घराखालची जमीन जेवढी, तेवढंच मी छप्पर धरलं होतं. पाखं तिरकं असतं. १० फूट आडवं आणि साडेसात फूट उभं, की तिरकी बाजू साडेबारा फूट भरते. पायथागोरसचा नियम मी पाठ केला होता, पण तो छपराला लागतो हे ध्यानात आलं नव्हतं. गवंडी काटकोन तपासायला दोरीवर तीन, चार, पाच मोजतात. साडेसात, दहा, साडेबारा ही त्याचीच अडीचपट. म्हणजे दोन पाखी ६०० चौरस फूट. अब्बा हे एका शब्दात सांगत : ‘जमिनीला सव्वा.’ अर्थात हा सव्वा एवढ्याच उताराचा. छप्पर ४५ अंशांत उभं केलं, तर जमिनीच्या जवळजवळ १.४१ पट पत्रा लागतो.

त्या रात्री अब्बांनी जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं छप्पर दुमडलं आणि पुन्हा उलगडून जमिनीवर पसरलं. शेजारी शेजारी तीन आयत, टोकांना दोन त्रिकोण. हीच पुस्तकातली त्रिकोणी चिती. तिन्ही आयतांची लांबी २४. रुंदी साडेबारा, साडेबारा आणि खालची २०, मिळून ४५. म्हणजे त्रिकोणाची परिमितीच. ४५ गुणिले २४ म्हणजे १०८०. त्यात दोन त्रिकोणांचे १५०. चितीचं एकूण पृष्ठफळ १२३० चौरस फूट. मग त्यांनी खालच्या आयतावर हात ठेवला. ‘‘इथं पाऊस येत नाही.’’ ४८० गेले, उरले ७५०. मी ६३० सांगितले होते. १२० चौरस फूट पत्रा कमी.

काम अंगावर घेतलेलं, त्यामुळे तो १२० फूट पत्रा अब्बांच्या खिशातून गेला. त्या वर्षी ईद जूनच्या अखेरीस होती. आम्हा भावंडांना कपडे झाले नाहीत. भिजलेल्या पोत्याबदली आमच्या घरातलं एक पोतं मावशींकडे पोचलं. अब्बा मला एका शब्दानंही बोलले नाहीत. मावशी तेवढ्या म्हणाल्या, ‘‘पोरगं आहे, शिकेल.’’

आता माझी नात गणिताला बसली, की सूत्र घडाघडा म्हणते : पायाच्या परिमितीला लांबीनं गुणा, दोन टोकांचं क्षेत्रफळ मिळवा. सूत्र बरोबरच आहे. पण मी तिला आधी वस्तू हातात घ्यायला लावतो. खोकं असेल तर ते उलगड. कुठली बाजू तिरकी आहे, ती तिरकीच मोज. कुठली बाजू उघड्यावर आहे आणि कुठली नाही, ते विचार. रंग लावायचा, कागद चिकटवायचा की पत्रा ठोकायचा, यावर कुठल्या बाजू धरायच्या ते ठरतं.

अब्बा आता नाहीत. मावशींच्या घराचे पत्रे त्यानंतर पुन्हा बदलले. त्या वेळी त्यांच्या मुलानं मला विचारलं, ‘‘किती आणू?’’ मी वही काढली नाही. म्हणालो, ‘‘जमिनीला सव्वा. आणि टोकांचे त्रिकोण विसरू नकोस.’’

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)