रोग्याचा हजेरीपट



कॅन्सरच्या संशोधनाला व उपचाराला संगणक आणि मोबाइल यांची काय मदत होते, हा आजचा विषय. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. परंतु या विषयाच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती कामगाराच्या चांगल्या परिचयाची आहे. ती म्हणजे नोंद. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही त्याला पगार नाही, फंड नाही, अपघात झाला तर भरपाई नाही. त्याने घाम गाळला हे सारे खाते जाणते, पण कागद जाणत नाही. रोग्याचेही तसेच आहे.

खानदेशाला नोंदीची महती नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे जमवली. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. माळ्यावरचा सुटा कागद मुका असतो. हजार कागद सालवार लावले म्हणजे ते बोलू लागतात. रोगाचे कागदही असेच बोलतात. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली कॅन्सररोग्यांची नोंदणी सुरू केली. पण शहरातले रोगी इस्पितळात सापडतात. खेड्यातला रोगी कोठे सापडणार? म्हणून १९८७ साली बार्शी येथे ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तेथे कार्यकर्ते स्वतः गावोगाव जाऊन, लक्षणे विचारून, रोगी शोधू लागले.

या नोंदणीच्या पायावर मोठे काम उभे राहिले. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट करून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास सुरू झाला. तीन गटांना तीन प्रकारच्या तपासण्या, चौथ्याला तपासणी नाही. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या; तपासणी न झालेल्या, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या गटात ६४. कोण आजारी पडली, कोण गेली, याची नोंद वर्षानुवर्षे राखली म्हणून हे कळले. मात्र चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, यावर पुढे कडक टीका झाली. ती रास्तच होती असे आम्हांस वाटते. ज्ञान सर्वांचे आणि जोखीम गरिबाची, हा हिशेब कारखान्यात चालू नये, तसा इस्पितळातही चालू नये.

आता उपचाराकडे वळू. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले, आणि तेव्हापासून दूरदूरचा रोगी तेथे जातो. जळगावहून मुंबई चारशे किलोमीटरांहून अधिक. रोजंदारीच्या माणसाने नुसता रिपोर्ट दाखवायचा म्हटले तरी जाण्याचा, रांगेचा आणि परतीचा असे तीन रोज बुडतात. सोबतच्या माणसाचेही बुडतात. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ साली राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड स्थापन झाले. आज तीनशेहून अधिक संस्था त्यात आहेत. कठीण रोग्याचे कागद व चित्रे दूरच्या तज्ज्ञांपुढे ठेवून विचारविनिमय करता येतो. ‘नव्या’ नावाच्या सेवेतून रोग्यालाही घरून कागद पाठवून मत मागवता येते. शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार मोबाइलवर होत नाहीत, त्यासाठी जावेच लागते. परंतु कोठे जावे आणि केव्हा जावे हे आधी कळले, तर तीन खेपांची एक होते.

पण या यंत्रात नोंद भरतो कोण? गावातली आशाताई. तिशीच्या पुढच्या माणसांना ती तंबाखूबद्दल विचारते, तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेबद्दल, स्तनातील गाठीबद्दल विचारते आणि उत्तरे फॉर्मात लिहिते; तीच पुढे यंत्रात चढतात. २०२३-२४ साली राज्यातल्या आशांनी संप केला, त्यात मानधनाबरोबर ऑनलाइन कामाच्या बोज्याचाही प्रश्न होता. काही लोक म्हणाले, ह्या प्रगतीच्या आड येतात. आम्ही म्हणतो, गिरणीत नवा माग आला तेव्हाही हेच ऐकवले जात असे. कामाचे मोल न देता घाईने भरलेली नोंद खोटी असते, आणि खोट्या नोंदीवर खरे संशोधन होत नाही.

दुसरी गोष्ट संमतीची. २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. चौदा आकडी आरोग्य क्रमांकाला आपले कागद जोडता येतात, आणि ते रोग्याच्या संमतीनेच दाखवायचे असा नियम आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही २०२३ साली संमत झाला. कायदा असला म्हणजे हक्क मिळतोच असे नाही, हे किमान वेतनाने आपल्याला शिकवले आहे. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, असे आम्ही कामगाराला सांगत आलो. न वाचता ‘होय’चे बटण दाबणे हा तोच अंगठा आहे.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. आपले रिपोर्ट सालवार लावून ठेवा व त्यांचे फोटो काढून ठेवा. शिधापत्रिका आणि आधार यांवरील नावे जुळतात का ते आजारपणाआधीच पाहा. योजनेच्या मंजुरीत काना-मात्रेचा फरकही आडवा येतो. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर तंबाखूची पुडी फेका आणि डॉक्टरला गाठा. आशाताई दारात आली तर तिला खरे उत्तर द्या. आणि माहिती कोणाकडे जाते, हे विचारायला संकोचू नका.