वेगवान मोटारीचे उन्हाळी टायर : काटकसर कोठें करावी ?

‘उन्हाळी टायर’ हा शब्द महाराष्ट्रांतील मोटारवाल्याच्या कानाला चमत्कारिक वाटण्यासारखा आहे. येथें टायर तो टायर. बारा महिने तोच फिरावयाचा आणि झिजला म्हणजे बदलावयाचा, एवढेंच त्याचें ऋतुचक्र. परंतु शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं जर्मनींत जाऊन राहिलेल्या मराठी तरुणानें तेथें एखादी जुनी पण चपळ मोटार घेतली, कीं पहिल्याच वर्षीं त्याची या शब्दाशीं गांठ पडते. ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ हिंवाळी टायर आणि उरलेल्या महिन्यांत उन्हाळी टायर, असा तेथील लोकांचा परिपाठ आहे. रस्त्यावर बर्फ असतां हिंवाळ्यास योग्य असेच टायर हवेत, हें २०१० च्या डिसेंबरपासून तेथील कायद्यानेंहि स्पष्ट केलें आहे. ज्यांच्या घरीं चाकांचा दुसरा संच ठेवण्यास जागा नसते त्यांचे टायर गॅरेजवाले भाडें घेऊन सांभाळतात, आणि त्या कोठाराला ‘टायरांचें हॉटेल’ असें म्हणतात. माणसांना भाड्याची खोली मिळण्याची मारामार असलेल्या शहरांत टायरांची मात्र अशी उत्तम सोय होते !

या दोन जातींतील भेद मुख्यतः रबराचा आहे. रबर थंडींत कडक होतें व उष्णतेनें मऊ होतें, हें सर्वांस ठाऊक आहे. हिंवाळी टायराचें मिश्रण कडाक्याच्या थंडींतहि लवचिक राहील असें केलेलें असतें. तेंच जुलै महिन्याच्या तापलेल्या डांबरावर फार मऊ पडतें, वळणावर हेलकावतें आणि भराभर झिजतें. उन्हाळी टायराचें याच्या उलट. पारा सात अंशांच्या खालीं उतरला म्हणजे उन्हाळी टायर उतरवावे, अशी जी समजूत आहे ती केवळ अंदाजी आहे. त्या अंशावर रबरांत एकाएकी कांहीं घडत नाहीं, तें हळूहळू आडमुठें होत जातें. एके काळीं कोरड्या रस्त्यावरील पकड वाढविली कीं ओल्या रस्त्यावरील पकड किंवा इंधनाची बचत यांपैकीं एकावर पाणी सोडावें लागे. १९९० नंतरच्या दशकांत रबरांत काजळीच्या जोडीला सिलिका मोठ्या प्रमाणावर मिसळूं लागले, आणि ही ओढाताण बरीच कमी झाली. आज मध्यम किंमतीचा टायरहि पावसांत बरा चालतो, याचें श्रेय पुष्कळसें या सिलिकेला आहे.

आतां मोटारीकडे वळावें. उदाहरणादाखल फोक्सवागेन गोल्फ जीटीआय ही मोटार घेण्यासारखी आहे. १९७६ सालीं ती प्रथम विक्रीस आली तेव्हां तिची शक्ति ११० अश्वांची होती व टायर अवघे तेरा इंची चाकाचे होते. २०१३ सालीं आलेल्या सातव्या पिढींत ही शक्ति २२० अश्वांवर गेली, चाकें सतरा व अठरा इंचांचीं झालीं आणि वेगाची मर्यादा ताशीं २४६ किलोमीटरपर्यंत पोंचली. अशी मोटार जुन्या बाजारांत नोकरदाराच्या आवांक्यांत येते. पण तिचे टायर बदलावयाची वेळ आली म्हणजे मोटार स्वस्त मिळाल्याचा आनंद पहिल्याच देयकावर मावळतो. मग मालक काटकसरीचा मार्ग शोधूं लागतो. काटकसर अवश्य करावी. प्रश्न इतकाच कीं, ती कोठें करावी आणि कोठें करूं नये.

कोठें करूं नये तें आधीं पाहूं जातां, त्याचें उत्तर थोड्याशा गणितानें मिळतें. समजा, पाऊस पडून गेलेल्या रस्त्यावर ताशीं ८० किलोमीटर वेगानें दोन सारख्या मोटारी चालल्या आहेत. दोघींचे ब्रेक एकाच ठिकाणीं पूर्ण दाबले. एकीचे टायर तिला ३० मीटरांत थांबवितात. दुसरीला ३६ मीटर लागतात. सहा मीटर म्हणजे दीड मोटारीची लांबी, त्यांत काय मोठेंसें, असें ऐकणाऱ्याला वाटेल. परंतु धांवत्या वस्तूची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणून पहिली मोटार जेथें स्तब्ध उभी राहिली, नेमक्या त्याच ठिकाणीं दुसरीचा वेग अद्याप ताशीं ३३ किलोमीटरच्या सुमारास असतो. त्या ठिकाणीं शाळेंतून घरीं निघालेलें पोर रस्ता ओलांडीत असेल, तर पहिल्या मोटारवाल्याच्या छातींत नुसतें धस्स होईल. दुसऱ्याचें काय होईल तें सांगावयास नको. मोटारीची सर्व अश्वशक्ति, तिचे मोठे ब्रेक आणि चालविणाऱ्याचें कौशल्य हीं सारीं अखेर प्रत्येक चाकाखालच्या तळहाताएवढ्या रबरांतूनच रस्त्यापर्यंत पोंचतात. तेथील ओली पकड विकून पैसा वांचविणें ही काटकसर नव्हे.

सुदैवानें ही पकड कांहीं प्रमाणांत विकत घेण्यापूर्वीं वाचतां येते. युरोपांत २०१२ पासून नव्या टायरांना गुणपट्टी लावण्याची सक्ति झाली आणि १ मे २०२१ पासून तिचें सुधारलेलें रूप अमलांत आलें. त्या पट्टीवर इंधनाचा खर्च व ओल्या रस्त्यावरील पकड यांना ‘ए’पासून ‘ई’पर्यंत वर्ग दिलेले असतात, आवाजाचा आकडाहि असतो. जीटीआयसारख्या मोटारीला ओल्या पकडींत ‘ए’ घ्यावा, आणि त्यापायीं इंधनांत ‘सी’ पत्करावा लागला तरी खुशाल पत्करावा. मात्र या पट्टीवर सगळाच भरंवसा टाकून चालत नाहीं. ती परीक्षा नव्या टायराची व सरळ रेषेंतील ब्रेकची आहे. साचलेल्या पाण्यावरून टायर तरंगूं लागतो कीं काय, ओल्या वळणावर तो कसा वागतो, किती लवकर झिजतो, याविषयीं पट्टी मुकी आहे. यासाठीं एडीएसी या जर्मन मोटार-संघाच्या व मोटारविषयक नियतकालिकांच्या वार्षिक परीक्षा पाहाव्या. एडीएसीनें २०२३ पासून सत्तर टक्के गुण सुरक्षिततेला आणि तीस टक्के पर्यावरणाला, म्हणजे झीज व इंधन इत्यादींना ठेवले आहेत. त्यांतहि एकूण क्रमांकापेक्षां ओल्या रस्त्याचा रकाना प्रथम वाचावा. आपल्याच मापाच्या टायराची परीक्षा त्या वर्षीं झालेली असेलच असें नाहीं. तेव्हां जवळच्या मापावरून अनुमान काढावें लागतें.

आतां पैसा वांचविण्याची पहिली व सर्वांत मोठी जागा म्हणजे चाकाचा आकार. सातव्या पिढीच्या जीटीआयला २२५/४५ आर १७ हें मूळचें माप चालतें व २२५/४० आर १८ हेंहि चालतें. दोहोंची रुंदी एकच, २२५ मिलिमीटर. बाहेरचा व्यासहि जवळजवळ तोच : एकाचा ६३४ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६३७. फरक आहे तो भिंतीच्या उंचीचा. सतरा इंचींत ती १०१ मिलिमीटर असते, अठरा इंचींत ९०. अठरा इंची चाक अधिक ऐटबाज दिसतें व वळणावर किंचित् तत्परतेनें वळतें, हें खरें. परंतु सतरा इंचीचें हें माप असंख्य साध्या मोटारींनाहि लागतें. म्हणून तें सर्व कारखाने काढतात, दुकानदारांत चढाओढ असते आणि भाव उतरतो. अठरा इंची मापाचा साधा टायर ज्या पैशांत मिळतो, त्या पैशांत सतरा इंचीचा पहिल्या प्रतीचा टायर मिळण्याचा संभव पुष्कळ असतो. शिवाय उंच भिंत खड्ड्यांत सहसा फाटत नाहीं व रिम वांचविते. ज्याला दिसण्यापेक्षां चालविण्याचा शौक आहे त्यानें लहान चाक घ्यावें, यांत शंका नाहीं. फक्त तें माप मोटारीच्या कागदपत्रांत मान्य आहे कीं नाहीं, हें आधीं पाहून घ्यावें. जर्मनींतील तपासनीस या बाबतींत डोळेझांक करीत नाहींत.

मापाच्या पुढें जो आकडा व अक्षर असतें त्यांत मात्र तडजोड नाहीं. ९१ म्हणजे एका टायरानें ६१५ किलोग्राम भार पेलावा असा अर्थ. ‘व्ही’ म्हणजे ताशीं २४० किलोमीटर, ‘डब्ल्यू’ म्हणजे २७०. जी मोटार २४६ नें धांवूं शकते तिला ‘व्ही’चा उन्हाळी टायर अपुरा पडतो, मग मालक आयुष्यांत कधीं शंभराच्या पुढें जाणार नसला तरी.

दुसरी जागा नांवाची. मिशलॅं, कॉन्टिनेंटल, गुडईयर, ब्रिजस्टोन यांच्या वेगवान मोटारींच्या टायरांना नांवाचाहि भाव पडतो, आणि कामाचाहि. त्यांच्या खालोखाल हॅनकूक, फाल्केन, टोयो, कुम्हो यांची मधली रांग आहे. व्रेडेस्टाइन हें जुनें डच नांव त्याच रांगेंत बसतें, आणि ती कंपनी २००९ सालीं भारतीय अपोलोनें विकत घेतली, हें येथील श्रोत्यांस ऐकून बरें वाटेल. मोठ्या घराण्यांचीं धाकटीं नांवेंहि आहेत : कॉन्टिनेंटलचीं युनिरॉयल व बारुम, मिशलॅंचें क्लेबर, गुडईयरचें फुल्डा. बारुममधील पहिलें ‘बा’ हें अक्षर आपल्याकडे घरोघरीं माहीत असलेल्या जोडेवाल्या बाटाचें आहे. माणसाच्या तळव्याचा धंदा करतां करतां ते मोटारीच्या तळव्याकडे वळले. या मधल्या रांगेंतील चांगला टायर ओल्या रस्त्यावर पहिल्या रांगेच्या अगदीं जवळ येतो आणि किंमतींत डोळ्यांत भरेल इतका खालीं असतो. जीटीआयच्या काटकसरी मालकाचें खरें क्षेत्र हेंच. याच्याहि खालीं, ज्यांचीं नांवें कोणत्याच परीक्षेंत दिसत नाहींत असे फार स्वस्त टायर असतात. त्यांतील एखादा चांगला निघेलहि. परंतु तो निघाला कीं नाहीं हें पहिल्या मोठ्या पावसांतच कळावयाचें.

टायराच्या कुशीवर ‘ट्रेडवेअर’ म्हणून एक अमेरिकन आकडा छापलेला असतो, त्याच्या मोहानें पुष्कळ तरुण फसतात. टेक्सासमधील ठराविक रस्त्यावर सुमारें साडेअकरा हजार किलोमीटर गाडी चालवून, १०० आकड्याच्या नमुन्याशीं तुलना करून, हा अंक कारखानदारच ठरवितो. लहान अंक म्हणजे चिकट रबर, एवढें ढोबळ मानानें खरें. पण एका कारखान्याचा ३०० व दुसऱ्याचा ३०० हे सख्खे भाऊ नव्हत. २०० किंवा त्याखालचे टायर शर्यतीच्या मैदानाकडे तोंड करून बसलेले असतात. न्युरबुर्गरिंगच्या जुन्या २०·८ किलोमीटरच्या वळणावळणाच्या रस्त्यावर पैसे भरून कोणालाहि मोटार नेतां येते, आणि वर्षांतून एकदां तेथें जाण्यासाठीं असे टायर घेणारे हौशी आहेत. त्या टायरांस खांचा थोड्या. रबर तापल्यावांचून जागें होत नाहीं. उरलेले तीनशें चौसष्ट दिवस पावसाळी सकाळीं कचेरीस जातांना तेच टायर पायांखालीं असतात ! हौसेपायीं स्वतंत्र संच बाळगण्याची ऐपत असेल त्यानेंच त्या वाटेस जावें.

टायर घेतांना कुशीवरील शेवटचे चार आकडे वाचावे. १२२५ असे असतील तर तो २०२५ सालच्या बाराव्या आठवड्यांत बनला. सवलतीच्या दरानें विकला जाणारा माल बहुधा जुना असतो. वर्षभराचा असल्यास हरकत नाहीं, पण चार-पांच वर्षें कोठारांत पडलेला कितीहि स्वस्त मिळाला तरी परत करावा. ईस्टरच्या आठवड्यांत गॅरेजपुढें रांग लागते. तेव्हां खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्यें उरकावी, म्हणजे निवडीस वाव राहतो. चारहि टायर एकाच जातीचे असावेत. जीटीआयचें पुढचें चाक ओढणारें असल्यामुळें पुढचे टायर लवकर झिजतात. अधूनमधून पुढचे मागें व मागचे पुढें केले तर चौघांची झीज सारखी होते आणि संच एकदम बदलतां येतो. दोनच घेणें भाग पडलें, तर नवी जोडी मागें बसवावी. पुढचीं चाकें घसरूं लागलीं तर मोटार सरळ जाऊं पाहते व वेग कमी करून सांवरतां येते. मागचीं घसरलीं तर ती भोंवऱ्यासारखी फिरते.

नव्या टायराच्या खांचा सुमारें आठ मिलिमीटर खोल असतात. कायदा १·६ मिलिमीटरपर्यंत चालूं देतो. एडीएसी उन्हाळी टायर तीन मिलिमीटरवर बदलावयास सांगते, आणि रुंद टायरांच्या वेगवान मोटारीला हा सल्ला अधिकच लागू आहे, कारण रुंद टायराला तितकेंच अधिक पाणी बाजूस सारावें लागतें. मापन करावयास साधी पट्टी पुरते. हवेचा दाब महिन्यांतून एकदां, टायर थंड असतां, पाहावा. सुटीला निघतांना मागें माणसें व सामान भरलें असेल तर इंधनाच्या झांकणाच्या आंत किंवा दाराच्या चौकटीवर लिहिलेला भरल्या गाडीचा दाब भरावा आणि परतल्यावर पुन्हां नेहमींचा करावा.