गाव सुटलं की आडनाव चिकटतं

ऊसतोडीला गेल्यावर फडात पहिला प्रश्न येतो, "कुठली टोळी?" आपण म्हणतो, "सिरसाळ्याची." इथं घरी असताना असं कुणी विचारत नाही. सगळेच सिरसाळ्याचे, सांगायचं कुणाला?

'कर' लागलेली बरीच आडनावं अशीच पडली. बीडकर, परळीकर, धारूरकर. गाव सोडून गेलेल्याला दुसऱ्या गावानं त्याच्या गावावरून ओळखलं. म्हणून बीडकर शोधायचा तर बीडच्या बाहेर शोधावा.

काही आडनावं तर समुद्रापार गेली. कोकणात बेने इस्राएल नावाचे ज्यू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बोलणं मराठी, आडनावं गावांची: अलिबागजवळच्या किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, शिवाय पेणकर, रोहेकर. १९४८ साली इस्राएल देश झाला आणि पुढं त्यातले बहुतेक तिकडं गेले. देश बदलला, पोराबाळांची भाषा बदलली, पण पेणकर तिकडंही पेणकर. पेण कुठं आहे, हे तिथल्या नातवाला ठाऊक नसेलही.

हे बोलत होतो तर आमच्यातली एक म्हणाली, "मग बायांचं काय? गाव तर आपणबी सोडलं."

खरंच की. लग्नात आपलं गाव सुटतं, पण ते आपल्या नावाला लागत नाही. उलट होतं ते आडनावही जातं. गाव उरतं ते फक्त हाकेत, माजलगावची, धारूरची. कागदावर मात्र घोळ. आमच्यातल्या एकीचं कर्जाचं प्रकरण परत आलं, कारण आधारवर माहेरचं आडनाव आणि पासबुकावर सासरचं.

लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे, असा कायदा नाही, हे आम्हालाही उशिराच कळलं. आणखी एक. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकराच्या सरकारी कागदावर आधी त्याचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव, असा महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे. त्याच निर्णयात बाईला मालमत्तेच्या कागदावर लग्नाआधीचं नाव लावायची मुभा दिली आहे. माहेरच्या जमिनीत जिचा हिस्सा आहे, तिनं हे ध्यानात ठेवावं.

येत्या बैठकीला आधार, पासबुक आणि शाळेचा दाखला घेऊन या. तिन्ही शेजारी ठेवून प्रत्येकीचं नाव मोठ्यानं वाचू. जिला वाचता येत नाही, तिचं आम्ही वाचू.