पडद्यावरचा इतिहास आणि आमचीं मुलें
(गांवच्या पालकसभेंत केलेलें भाषण)



गेल्या महिन्यांत एका पालकानें आम्हांस बांधावर गांठलें. "गुरुजी, पोरगं शाळंत सिनेमा बघतंय म्हणं. सिनेमाच बघायचा तर घरीं मोबाईल काय कमी हाय? मग दप्तर कशापायीं घ्यायचं?" त्या वेळीं आम्हीं हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. म्हणून आज चारचौघांत उत्तर देतों.

आम्ही विद्वान नाहीं. मराठी शाळेंत शिकलों, अध्यापक विद्यालयांतून बाहेर पडलों आणि वीस वर्षें खडू हातांत धरला. तेवढ्या भांडवलावर बोलतों. आपलीं मुलें चित्रपट पाहतातच, तें कोणाच्यानें थांबवणार नाहीं. आठवीच्या वर्गांत जालियनवाला बागेविषयीं विचारा. पुस्तकांतली ओळ कोणास आठवत नाहीं, पडद्यावरची विहीर मात्र दहा जणांस आठवते! एवढा खोल ठसा उमटत असेल, तर तो उमटतांना शिक्षक जवळ असावा कीं नसावा? शिवाय दहावीच्या सरकारी पुस्तकांत 'मनोरंजनाचीं माध्यमें आणि इतिहास' असा एक पाठच आहे. तेव्हां हें कांहीं आमच्याच डोक्यांतलें खूळ नव्हे.

अख्खा चित्रपट आम्ही दाखवीत नाहीं. दहा मिनिटांचा भाग दाखवितों, यंत्र बंद करितों आणि विचारितों. ॲटनबरो यांचा 'गांधी' हा चित्रपट १९८२ सालचा, तीन तासांहून मोठा. त्यांतला १३ एप्रिल १९१९ चा गोळीबार दाखविला. पुढें चौकशीच्या प्रसंगांत १६५० गोळ्यांचा आकडा ऐकूं येतो. तो सरकारी चौकशीच्या कागदांतलाच आहे. मृतांचा सरकारी आकडा ३७९; तो लोकांनीं कधींच मान्य केला नाहीं. मुलांनीं हें सारें वहींत उतरविलें. येथपर्यंत चित्रपट चांगला सोबती ठरला. मग आम्हीं विचारलें, "या चित्रपटांत बाबासाहेब कोठें दिसतात?" मुलें शोधूं लागलीं. बाबासाहेब त्यांत नाहींतच! २४ सप्टेंबर १९३२ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत पुणें करार झाला, कोट्यवधि अस्पृश्यांच्या मतदानाचा तो प्रश्न. पण तीन तासांत त्याला जागा मिळाली नाहीं. त्यासाठीं जब्बार पटेल यांचा आंबेडकरांवरील चित्रपट काढावा लागतो. 'गांधी' खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण पडद्यावर जें आलें तेवढेंच घडलें, असें मूल धरून चाललें तर तें फसलें.

याहून मोठा धडा आम्हांस 'फुले' या हिंदी चित्रपटानें दिला. अनंत महादेवन यांचा हा चित्रपट जोतीरावांच्या जन्मदिवशीं, ११ एप्रिल २०२५ ला लागावयाचा होता. कांहीं ब्राह्मण संघटनांनीं हरकती घेतल्या. परीक्षण मंडळानेंही बदल करावयास लावले. अखेर तो २५ एप्रिलला लागला. मंडळानें काय काढावयास लावलें, तें वृत्तपत्रांनीं छापलें: 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द नकोत, तीन हजार वर्षांची गुलामी म्हणूं नये, 'अनेक वर्षांची' म्हणावें, कंबरेला झाडू बांधलेला माणूस दिसूं नये.

आम्हीं ही बातमी वर्गांत वाचली आणि लगेच दुसरा कागद वाचावयास दिला. फुल्यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीनें लिहिलेला तो निबंध, १८५५ सालीं 'ज्ञानोदया'त छापलेला. त्याचें नांवच 'मांग महारांच्या दुःखाविषयीं'. बाजीरावाच्या राज्यांत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांगामहाराची काय गत होई, तें ती लिहिते. डोक्यावर छप्पर नसतांना बाळंत होणाऱ्या बायांचें दुःख ती लिहिते. एका मुलीनें तो उभा राहून वाचला. वाचतांना दोनदां थांबली. वर्ग गप्प होता.

मग कुंभाराच्या घरची एक मुलगी उठली. म्हणाली, "गुरुजी, तवा एका पोरीनं लिहिलेलं छापून आलं, तर आतां बोलायला का नको?" आमच्याजवळ तयार उत्तर नव्हतें. तो प्रश्न आम्हीं फळ्यावर लिहिला आणि आठवडाभर पुसला नाहीं.

चित्रपटाची आणखी एक खोड आहे. त्याला शेण फेकणारा हात लागतो, रडणें लागतें, धावपळ लागते. कागद लिहीत बसलेला माणूस पडद्यावर शोभत नाहीं. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जोतीरावांनीं निवेदन दिलें: सरकारचा वसूल येतो रयतेच्या घामांतून, आणि विद्येवर खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा. मंडळी, आज आपलीं मुलें या बाकांवर बसतात त्याची मागणी त्या कागदांत आहे. तो प्रसंग शेणगोळ्याइतका रंगत नाहीं, म्हणून तो आम्हांस खडूनेंच शिकवावा लागला. 'शेतकऱ्याचा असूड' हें पुस्तक पुढच्याच वर्षीं, १८८३ सालीं लिहून झालें. त्यांतलीं सावकाराचीं व कुळकर्ण्याचीं प्रकरणें तर आपल्या आजेपणज्यांच्या घरचींच.

राहिली साधनांची गोष्ट. प्रोजेक्टर शाळेंत आहे. पण दुपारीं वीज जाते आणि पडदा म्हणजे खिळ्यांना बांधलेली चादर. तें आम्ही निभावून नेऊं.

येत्या शनिवारीं सकाळच्या शाळेंत आचार्य अत्रे यांच्या १९५४ सालच्या 'महात्मा फुले' चित्रपटांतला मुलींच्या शाळेचा भाग दाखवूं आणि त्याच्या शेजारीं २०२५ च्या चित्रपटांतला तोच भाग. सत्तर वर्षांत एकच गोष्ट सांगण्याची रीत कोठें बदलली, तें मुलें शोधून काढतील. बांधावर आम्हांस गांठणाऱ्या त्या पालकांनीं मागच्या बाकावर येऊन बसावें. आणि ज्यांच्या घरीं जुनीं गहाणखतें, शेतसाऱ्याच्या पावत्या, कर्जरोखे पेटींत पडून असतील, त्यांनीं ते मुलांबरोबर पाठवावे. 'असुडा'च्या तासाला ते वर्गांत वाचूं. मोडी असली तरी चालेल. वाचणारे एक आजोबा आम्हीं शोधून ठेवले आहेत. कागद फाटणार नाहींत आणि त्याच दिवशीं घरीं परत येतील, ही हमी आमची.