टाचदुखी अंगावर काढू नका



सकाळी पहिले पाऊल टेकताच टाचेत कळ येते, चार पावलांनी ओसरते. म्हणून वांग्याच्या मळ्यात राबणारी आपली असोद्याची बाई ती अंगावर काढते. बहुधा तळव्याचा जाड पडदा टाचेपाशी ताणला गेलेला असतो. ‘हाड वाढले, कापावे लागेल’ ही भीती सोडा. घरातही मऊ चपला वापरा. उठण्याआधी पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून दहा अंक मोजा, असे दहा वेळा करा. बहुतेकींना वर्षाच्या आत उतार पडतो. न पडल्यास यंत्राच्या आघातलहरी किंवा इंजेक्शन आहे. मात्र स्टेरॉईडचे इंजेक्शन वरचेवर घेतल्यास पडदा फाटू शकतो. बारीक छेदाची शस्त्रक्रिया अगदी शेवटी. सूज, बधिरपणा किंवा मधुमेह असल्यास वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. घर ज्या पायांवर उभे आहे, त्यांची हेळसांड करू नका, एवढीच विनंती.